क्लोरीनच्या अणूत साडेअठरा न्यूट्रॉन?

शेवंता (सोमवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा अकरावीला आहे, शास्त्र शाखा. दहावीपर्यंत विज्ञानसुद्धा मराठीतूनच शिकली, आता एकदम सगळं इंग्रजीत. गेल्या आठवड्यात रसायनशास्त्राची चाचणी झाली. प्रश्न होता: क्लोरीनच्या अणूत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन किती? शेजारी दिलं होतं: अणुअंक १७, अणुवस्तुमान ३५.५.

हिने लिहिलं: प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १७, न्यूट्रॉन १८.५.

पेपर वाटताना ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं गेलं आणि सगळे हसले. घरी आली, दप्तर टाकलं, जेवली नाही. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, ३५.५ मधून १७ गेले की साडेअठराच उरतात ना? मग चूक माझ्या वजाबाकीत आहे की त्यांच्या आकड्यात?"

मी बी.कॉम. मला उत्तर देता आलं नाही. गाईडमध्ये न्यूट्रॉन १८ असं छापलंय, पण उरलेला अर्धा कुठे गेला त्याचा उल्लेख नाही. कुणी मला समजेल असं सांगाल का? मला समजलं की मी तिला सांगेन.

---

दोन_शून्य (सोमवार, रात्री १०:०२)

अर्धा न्यूट्रॉन नसतो. ३५.५ ही सरासरी आहे. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये दोन प्रकारचे अणू असतात: वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) ३५ चे साधारण ७५ टक्के आणि ३७ चे २५ टक्के. ३५ वाल्यात न्यूट्रॉन १८, ३७ वाल्यात २०. गाईडवाल्याने ३५ गृहीत धरलाय, पण तसं लिहिलेलं नाही.

---

परीक्षाप्रथम (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, अकरावीला एवढ्या खोलात जाऊ नका. एक मार्काचा प्रश्न. अणुवस्तुमान पूर्णांकात करायचं, अणुअंक वजा करायचा, पुढचा प्रश्न घ्यायचा. बारावी आणि सीईटी डोक्यावर आहे, वेळ कुठे आहे?

---

मास्तर_कराड (सोमवार, रात्री १०:४०)

परीक्षाप्रथम, तुमची रीत क्लोरीनलाच फसते. ३५.५ पूर्णांकात करायचे तर ३५ करणार की ३६? नेहमीच्या नियमाने ३६ येतात, न्यूट्रॉन १९ होतात, आणि ते उत्तर साडेअठराइतकंच चूक आहे.

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. शेवंताताई, तुमच्या मुलीने केलं तेच योग्य होतं. दिलेली माहिती वापरली, वजाबाकी बरोबर केली, आणि उत्तर विचित्र आलं तरी ते लपवलं नाही. प्रश्नच अपुरा होता. 'क्लोरीन-३५ च्या अणूत' असं विचारायला हवं होतं. नुसत्या 'क्लोरीनच्या अणूत' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. तिला आज जेवायला वाढा आणि हे सांगा.

आता मुळापासून. अणूच्या मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, दोघांचं वजन जवळपास सारखं. भोवती इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन इतका हलका की साधारण १८३६ इलेक्ट्रॉन मिळून एका प्रोटॉनएवढे होतात, म्हणून वजन मोजताना त्याला धरत नाहीत. प्रोटॉन किती, म्हणजेच अणुअंक, यावर मूलद्रव्य ठरतं. १७ प्रोटॉन म्हणजे क्लोरीन. १८ झाले की तो क्लोरीन राहिला नाही, आरगॉन झाला. न्यूट्रॉन मात्र कमीजास्त होऊ शकतात. त्याने अणूचं वजन बदलतं, पण तो क्लोरीनच राहतो. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात.

---

तिजोरी (सोमवार, रात्री ११:०५)

मी बँकेत कॅशियर आहे. शेवंताताई बी.कॉम. आहेत म्हणून आमच्या काउंटरवरचं उदाहरण देतो.

नाण्यांच्या पिशव्या आल्या की एकेक नाणं मोजत बसणं शक्य नसतं. वजनकाट्यावर ठेवायचं आणि एका नाण्याच्या वजनाने भागायचं. आता एक रुपयाचं जुनं मोठं नाणं ४.८५ ग्रॅमचं आणि २०११ नंतरचं लहान नाणं ३.७९ ग्रॅमचं. दोन्हींची किंमत एकच. पानवाला दोन्ही घेतो, खात्यात दोन्हींची नोंद एकाच ओळीत होते. पण पिशवीत मिसळून आली की काट्यावरचा हिशोब बिघडतो.

घरी करून पाहा. लहान ३० आणि मोठी १० नाणी घ्या, म्हणजे तीनास एक, क्लोरीनसारखंच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. १६२ ग्रॅमच्या आसपास भरेल. चाळीसने भागा, एका नाण्याला ४.०५ ग्रॅम येतं. आता त्या पिशवीतून ४.०५ ग्रॅमचं नाणं शोधून दाखवा. सापडणार नाही. एक तर ३.७९ चं निघेल, नाही तर ४.८५ चं. पण पिशवीचा हिशोब करायचा तर ४.०५ हाच आकडा कामाला येतो.

---

शेवंता (सोमवार, रात्री ११:२०)

तिजोरीदादा, हे मला एका दमात कळलं! उद्या देवघरातल्या डब्यातली नाणी काढते.

---

निळीशाई (मंगळवार, सकाळी ७:३०)

तिजोरी यांचं उदाहरण फारच नेमकं आहे. किंमत म्हणजे अणुअंक, वजन म्हणजे वस्तुमानांक. त्यात अजून एक गंमत दडलीय. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही ४.८५ ग्रॅमचंच आहे, म्हणजे एक रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याएवढंच. किंमत वेगळी, वजन सारखं. अणूंमध्येही अशा जोड्या आहेत: आरगॉन-४०, पोटॅशियम-४०, कॅल्शियम-४०. वस्तुमानांक तिघांचा ४०, पण प्रोटॉन १८, १९ आणि २०. म्हणजे तीन वेगळी मूलद्रव्यं. यांना आयसोबार म्हणतात. अकरावीत समस्थानिक आणि आयसोबार हे दोन शब्द हमखास गोंधळतात. नाणी हातात घेतली की गोंधळ राहत नाही.

---

इंदुरी_पोहे (मंगळवार, सकाळी ८:१०)

थोडं अवांतर, पण मराठी माध्यमातून आलेल्यांच्या कामाचं. तुमची मुलगी यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघते का? बघत असेल तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. मराठीत 'अणू' म्हणजे अॅटम आणि 'रेणू' म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अॅटमला 'परमाणु' म्हणतात आणि मॉलिक्यूलला 'अणु'! तोच शब्द, अर्थ एक पायरी वरचा. मी इंदूरला वाढले. घरात आजोबा मराठीतून शिकवायचे आणि शाळेत हिंदी. 'पाण्याच्या एका अणूत किती अणू?' या वाक्यावरून आजोबांशी झालेलं भांडण मला अजून आठवतं. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर होतो.

---

मास्तर_कराड (मंगळवार, सकाळी ८:४५)

इंदुरी_पोहे, फार महत्त्वाचं सांगितलंत. ट्रॉम्बेच्या संस्थेचं नावच बघा. मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र, हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. अर्थ एकच.

---

ग्लासगोकर (मंगळवार, दुपारी २:०५)

'समस्थानिक' हा शब्द मला मराठीतला एक उत्तम घडवलेला शब्द वाटतो. माझ्या रोजच्या रस्त्यावरच त्याचं मूळ आहे, म्हणून लिहितो.

१९१३ पर्यंत युरेनियमपासून शिशापर्यंत इतके किरणोत्सारी 'नवे पदार्थ' सापडले होते की मूलद्रव्यांच्या तक्त्यात, म्हणजे आवर्त सारणीत, त्यांना बसवायला जागाच नव्हती. त्यातले काही तर एकमेकांपासून रासायनिक रीतीने वेगळे होईनात. फ्रेडरिक सॉडी तेव्हा ग्लासगो विद्यापीठात होते. त्यांनी म्हटलं, यांना वेगळी जागा हवीच कशाला? वजन वेगळं असेल, पण आवर्त सारणीत हे सगळे एकाच जागी बसतात. सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला. तिथे मार्गारेट टॉड नावाच्या डॉक्टर बाई होत्या, लेखिकाही होत्या. त्यांनी ग्रीकवरून शब्द सुचवला: आयसोस म्हणजे सम, टोपोस म्हणजे स्थान. आयसोटोप. त्याच वर्षी सॉडींनी तो छापला आणि १९२१ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या घरावर आज या प्रसंगाची पाटी आहे.

सम + स्थान. ज्यांनी मराठी शब्द घडवला त्यांनी मुळाचा अर्थ जराही सांडू दिला नाही. तुमच्या मुलीला म्हणावं, इंग्रजीतला आयसोटोप पाठ करायची गरज नाही. तुझ्या मराठी शब्दातच व्याख्या आहे.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो (मंगळवार, दुपारी ३:३०)

स्थान म्हटल्यावर आम्हाला लोकलच आठवणार. विंडो सीटवर माणूस सॅक घेऊन बसला काय आणि बिनसॅकचा बसला काय, सीट एकच अडते. सॅक म्हणजे न्यूट्रॉन! :)

---

थळचा_वारा (मंगळवार, दुपारी ४:१५)

डोंबिवली, उदाहरण आवडलं. पुढे नेतो. बसलाय तोवर सॅकने फरक पडत नाही. पण दादरला जिना चढायचा म्हटलं की सॅकवाला मागे पडतो. अणूंचंही तसंच आहे. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात हे पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे, पण हायड्रोजनच्या बाबतीत थोडं ताणलं जातं.

साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात फक्त एक प्रोटॉन, न्यूट्रॉन नाहीच. ड्यूटेरियममध्ये एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. म्हणजे वजन एकदम दुप्पट. क्लोरीनमध्ये ३५ चे ३७ झाले तर फार बिघडत नाही, पण १ चे २ झाले की जाणवतं. ड्यूटेरियमचं पाणी म्हणजे जड पाणी. ते ० ला नाही, ३.८ अंशांना गोठतं आणि साध्या पाण्यापेक्षा साधारण ११ टक्क्यांनी जड असतं. त्याच्या अभिक्रियाही सावकाश होतात. निव्वळ जड पाण्यात बी रुजत नाही.

आमच्या अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे, खत कारखान्याला लागून. शेजार असा का, हे पुष्कळांना माहीत नसतं. खतासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन लागतो, आणि त्या हायड्रोजनमध्ये ड्यूटेरियम आधीच मिसळलेलं असतं, साधारण ६४०० अणूंमागे एक. खत कारखान्याचा वायू आधी इकडे येतो, त्यातलं ड्यूटेरियम काढून घेतात आणि वायू परत खताकडे जातो. हे जड पाणी अणुभट्ट्यांना लागतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावरच्या, तिसरी आणि चौथी जड पाण्यावरची.

तुमच्या न्हाणीघरातल्या वीस लिटरच्या बादलीतही चमच्याच्या आतबाहेर जड पाणी असतंच. वेगळं काढणं हेच अवघड.

---

निळीशाई (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

जड पाण्यावरून आठवलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या बाईंनी एक प्रयोग दाखवला होता. दोन छोट्या नळ्यांत एकेक खडा गोठवला, एक साध्या पाण्याचा, एक जड पाण्याचा. काचेच्या पेल्यात बर्फाचं गार पाणी. पहिला खडा टाकला, तो वर तरंगला, नेहमीसारखा. दुसरा टाकला आणि तो सरळ तळाला जाऊन बसला. टक असा आवाज आला. दिसायला दोन्ही बर्फच, सारखेच पांढुरके. आम्ही सहा जणी पेल्याभोवती वाकून बघत होतो आणि कुणी बोलेना. पाणी दोन अंशांवर होतं म्हणून तळातला खडा वितळतही नव्हता, कारण त्याला वितळायला पावणेचार अंश लागतात.

दहा वर्षं वाचत आले होते, तरी न्यूट्रॉन 'आहे' हे मला त्या आवाजाने पटलं.

---

अकरावी_ब (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

मी पण अकरावीतच आहे. दोन शंका. १) वजनाने मूलद्रव्य ठरत नाही हे कुणी शोधलं? कारण आधी तर वजनाच्या क्रमानेच मांडायचे ना? २) इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांत, म्हणजे थरांत असतात. पोटॅशियममध्ये १९ इलेक्ट्रॉन. तिसऱ्या कवचात १८ मावतात तर २, ८, ९ का नाही? २, ८, ८, १ का?

---

मास्तर_कराड (मंगळवार, रात्री ८:३०)

बाळा, दोन्ही शंका उत्तम आहेत.

पहिली. आवर्त सारणी बनवणाऱ्या मेंडेलीव्हने वजनाच्या क्रमाने मांडलं खरं, पण काही ठिकाणी अडलं. आरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचं ३९.१०. वजनाने गेलं तर पोटॅशियम आधी येईल आणि निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसेल. पाण्यात टाकला की पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत! १९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुणाने मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले आणि दाखवलं की क्रम ठरतो तो केंद्रकातल्या धनप्रभारावर, म्हणजे अणुअंकावर. आरगॉन १८, पोटॅशियम १९, प्रश्न मिटला. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला तो मारला गेला. वय २७. अणुअंक शिकवताना मी त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे गेलो नाही.

आता वजन उलटं का पडलं? ते समस्थानिकांमुळेच. पृथ्वीवरचा आरगॉन जवळजवळ सगळा आरगॉन-४० आहे, आणि पोटॅशियम बहुतेक ३९.

दुसरी शंका निळीशाईंकडे सोपवतो.

---

निळीशाई (मंगळवार, रात्री ९:१०)

२, ८, १८, ३२ हे कवचात जास्तीत जास्त किती मावतात त्याचे आकडे आहेत. किती आधी भरायचे हे ऊर्जेवर ठरतं. तिसऱ्या कवचाला तीन कप्पे: ३एस, ३पी, ३डी. पोटॅशियममध्ये पहिले दोन भरून आठ झाले की पुढच्या इलेक्ट्रॉनला ३डी पेक्षा ४एस कमी ऊर्जेचा पडतो. म्हणून तो चौथ्यात जातो. ३डी भरायला स्कँडियमपासून सुरुवात होते. कप्प्यांचा धडा पुढे येईलच, तोवर एवढं धरून चाल.

मास्तर, आरगॉनबद्दल एक जोड. तो आरगॉन-४० आला कुठून? पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून, म्हणजे त्याचं केंद्रक आपोआप बदलून. म्हणजे मेंडेलीव्हला अडवणारा आरगॉन पोटॅशियमनेच अब्जावधी वर्षांत पुरवलेला आहे.

---

मास्तर_कराड (मंगळवार, रात्री ९:२५)

हे मी इतकी वर्षं एकत्र जोडून कधी सांगितलं नव्हतं. आभार.

---

हापूसवाली (बुधवार, सकाळी ६:५०)

आमची देवगडला बाग आहे. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्यातल्या किडीसाठी गॅमा किरण द्यावे लागतात. २००७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पेट्या लासलगावच्या केंद्रात जायच्या. गावात एकच चर्चा, आंबा किरणोत्सारी होतो. सासूबाई तर तो आंबा घरात घेऊ देईनात. आमच्या पुतणीने, तेव्हा बी.एस्सी.ला होती, सगळ्यांना बसवून सांगितलं: किरण निघतात कोबाल्ट-६० मधून. साधा कोबाल्ट ५९ चा, अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन गिळला की ६० होतो. आणि आंब्यावर फक्त किरण पडतात, कोबाल्ट लागत नाही. उन्हात वाळवलेल्या आमसुलात ऊन साठून राहतं का?

त्या शेवटच्या वाक्याला सासूबाई हसल्या आणि पहिला आंबा त्यांनीच कापला.

---

कावेरी७ (बुधवार, सकाळी ११:००)

हापूसवालीताई, तुमचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. मला थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ दिलं होतं. एक कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळायची. मग काही दिवस लेकराला जवळ घ्यायचं नाही. ती चार वर्षांची होती, दाराबाहेर बसून गाणी म्हणायची.

डॉक्टरांना विचारलं, औषध बरोबर गळ्याशीच कसं जातं? ते म्हणाले, तुमच्या थायरॉइडला आयोडीन हवं असतं, आणि मिठातलं १२७ चं कोणतं, हे १३१ चं कोणतं, ते तिला ओळखता येत नाही. दोन्हींचं रसायन एकच. म्हणून ती घेते, आणि १३१ तिथे जाऊन काम करतं. आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं.

'समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात.' शाळेत हे वाक्य लिहून मी एक मार्क मिळवला होता. त्याच वाक्यावर आज मी बरी आहे.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो (बुधवार, सकाळी ११:२५)

कावेरीताई, वाचून गलबललं. लेक आता केवढी?

---

कावेरी७ (बुधवार, सकाळी ११:४०)

सातवीत आहे. गाणी अजून चालू आहेत.

---

ग्लासगोकर (बुधवार, दुपारी १:३०)

शरीराला ओळखता येत नाही, यावरून हेवेशीची गोष्ट. हंगेरीचा जॉर्ज द हेवेशी १९११ च्या सुमारास मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डकडे होता. रदरफोर्डने त्याला शिशातून 'रेडियम-डी' वेगळं काढायला सांगितलं. तो खपला, जमेना. जमणार कसं, ते शिसंच होतं, शिसं-२१०! मग त्याने हार उलटी फिरवली. वेगळं होत नाही ना, मग शिसं कुठे कुठे जातं हे शोधायला याचाच माग घेऊ. त्या कल्पनेला पुढे १९४३ चं नोबेल मिळालं.

आता खाणावळीची गोष्ट. त्याला दाट संशय होता की मालकीण रविवारचं उरलेलं मांस आठवडाभर फिरवते. त्याने ताटातल्या उष्ट्यात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ मिसळला आणि काही दिवसांनी जेवण येताच उपकरण धरलं. सापडलाच! ही गोष्ट तो स्वतः सांगायचा.

---

तिजोरी (बुधवार, दुपारी १:५०)

पुण्यात मेसवर जेवून शिकलो. हे उपकरण तेव्हा हवं होतं. :)

---

परीक्षाप्रथम (बुधवार, दुपारी ३:००)

परवा मी घाईत लिहिलं. मास्तरांचा ३६ चा मुद्दा मान्य, माझी रीत चुकतेच. माझ्या मुलालाही मी तेच शिकवलं होतं, काल रात्री दुरुस्त केलं. त्याने विचारलेला प्रश्न इथे टाकतो: एका क्लोरीन-३५ चं वजन पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात ३४.९७ आहे, बरोबर ३५ का नाही? १७ आणि १८ मिळून ३५ च होतात.

---

निळीशाई (बुधवार, दुपारी ३:४०)

मोजमापाची पट्टी कार्बन-१२ ची आहे. त्याचं वस्तुमान बरोबर १२ मानतात. सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन केंद्रकात बांधले जातात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान कमी होतं. ही घट प्रत्येक केंद्रकात वेगळी. म्हणून ३५ हा वस्तुमानांक, म्हणजे मोजलेली संख्या, ती नेहमी पूर्णांक. आणि ३४.९७ हे प्रत्यक्ष वस्तुमान. तेच धरून ७५.७७ आणि २४.२३ टक्क्यांनी सरासरी काढली की ३५.४५ येते. ३५.५ ही तिचीच शाळेतली सोपी आवृत्ती.

आता शेवंताताईंच्या लेकीसाठी एक कोडं. क्लोरीन वायूत अणू जोडीने असतात. मग रेणू किती प्रकारचे, आणि कशाच्या किती पट? नाण्यांवर करता येईल.

---

शेवंता (गुरुवार, रात्री १०:१०)

मंडळी, तुमचे सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. कावेरीताईंचा दोनदा.

काल आणि आज संध्याकाळी आम्ही दोघी नाणी घेऊन बसलो होतो. देवघरातल्या डब्यात मोठी सातच निघाली, तीन शेजारच्या काकूंकडून आणली. काट्यावर १६२ भरलं, तिजोरीदादा! मग उशीच्या अभ्र्यात सगळी टाकली. तिने डोळे मिटून एक काढायचं, मी नोंद करायची, परत टाकायचं, हलवायचं, दुसरं काढायचं. ती झाली एक जोडी. अशा ८० जोड्या. दोन्ही लहान ४७ वेळा, एक लहान एक मोठं २७ वेळा, दोन्ही मोठी ६ वेळा.

नंतर तिने कागदावर काढलं: १६ जोड्यांत ९, ६ आणि १ यायला हव्यात. ८० ला ४५, ३० आणि ५. आमचे आकडे जवळपास तेच.

मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, ३५ आणि ३५ म्हणजे ७०. ३५ आणि ३७ म्हणजे ७२. ३७ आणि ३७ म्हणजे ७४. पुस्तकात क्लोरीनचं रेणुवस्तुमान ७१ दिलंय. ७१ चा रेणू तर यात एकही नाही!" हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आता तिचा पुढचा प्रश्न. मध्ये ३६ चा क्लोरीन का नाही?

---

मास्तर_कराड (गुरुवार, रात्री १०:४५)

ताई, तिला माझा नमस्कार सांगा.

३६ चा आहे, पण टिकत नाही. त्यात प्रोटॉन १७ आणि न्यूट्रॉन १९, दोन्ही विषम. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या जोडीदारासह बसले की केंद्रक स्थिर होतं. दोन्हीकडे एकेक एकटा उरला की ते बहुतेक वेळा टिकत नाही. हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४ अशी मोजकीच हलकी केंद्रकं त्यातून सुटली आहेत. क्लोरीन-३६ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ३ लाख वर्षं. पृथ्वीच्या वयापुढे ते काहीच नाही, म्हणून मूळचा कधीच संपला. हवेतल्या आरगॉनवर अंतराळातून येणारे किरण आदळून थोडा थोडा नवा होत राहतो, पावसाबरोबर जमिनीत उतरतो. फार जुन्या भूजलाचं वय काढायला भूशास्त्रज्ञ त्याचाच उपयोग करतात.

म्हणजे ७१ चा रेणू होऊ शकतो, ३५ आणि ३६ मिळून. पण तुमच्या अभ्र्यात तो सापडायला नाणी फार लागतील.

---

शेवंता (शुक्रवार, सकाळी ७:१५)

वाचून दाखवलं. चहा गार झाला तरी प्यायली नाही, तसंच ऐकत बसली होती.

८० जोड्यांचा कागद आज कॉलेजात सरांना दाखवायला घेऊन गेली आहे. नाणी मात्र काकूंना परत करू देत नाही. आता तांबं करायचं म्हणते: ६३ आणि ६५, सरासरी ६३.५५. चाळीस नाण्यांत लहान किती आणि मोठी किती घ्यायची हे ती स्वतः काढते आहे. कृपया उत्तर इथे लिहू नका.